कोपऱ्यावरच्या इथिओपियन रेस्टॉरंटात जेवायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही राहतो सिल्व्हर स्प्रिंगमध्ये, म्हणजे वॉशिंग्टन डी.सी.ची उत्तरेकडची हद्द ओलांडली की लगेच. इथे जॉर्जिया अव्हेन्यू आणि फेन्टन स्ट्रीटच्या आसपास इथिओपियन पाट्या इतक्या, की अम्हारिक लिपी वाचता येत नसली तरी ओळखीची होऊन जाते. आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर असंच एक रेस्टॉरंट आहे. दहा-बारा टेबलं, भिंतीवर लालिबेलाच्या कातळात कोरलेल्या चर्चचा फोटो, कोपऱ्यातल्या टीव्हीवर खांदे उडवत नाचणारी माणसं. दर उन्हाळ्यात मंडळातल्या कुणाकडे ना कुणाकडे भारतातून आई-वडील येतात आणि तिसऱ्या आठवड्यात मला फोन येतो, ‘अगं, ते तुमच्याकडचं इथिओपियन आमच्या आईंना चालेल का?’ तेच तेच सांगून दमले, म्हणून हे लिहून ठेवलंय. प्रश्न सगळे खरे आहेत. काही तर माझ्या सासूबाईंचेच.

आम्ही शाकाहारी आहोत. तिथे आम्हाला काही मिळेल का?

पोटभर मिळेल. इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्च मानणारे लोक दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात. ईस्टरआधी सलग ५५ दिवस, ऑगस्टमध्ये मेरीमातेच्या नावाने १५ दिवस, ख्रिसमसआधी आणखी चाळीसेक दिवस. (त्यांचा ख्रिसमस ७ जानेवारीला असतो.) सगळे मिळून जवळजवळ निम्मं वर्ष उपासात जातं. या दिवसांत मांस, अंडी, दूध, लोणी, तूप सगळं बंद. पिढ्यान्‌पिढ्या निम्मं वर्ष असं जेवायचं म्हटल्यावर बायकांनी डाळी आणि भाज्यांवर किती डोकं चालवलं असेल, याची आपल्याला कल्पना यायला हरकत नाही.

मेनूकार्डावर ‘व्हेजी कॉम्बो’ किंवा ‘येत्सोम बेयायनेतू’ शोधा. ‘त्सोम’ म्हणजे उपास आणि ‘बेयायनेतू’ म्हणजे प्रत्येक प्रकारातलं थोडं थोडं. यात साधारणपणे मिसिर वॉट (मसुराचा लाल, तिखट रस्सा), किक अलिचा (पिवळ्या वाटाण्याची हळदीची डाळ), गोमेन (कोलार्ड नावाची पालेभाजी, लसूण-आलं घालून), अतकिल्त (कोबी, बटाटा, गाजर), फोसोलिया (फरसबी आणि गाजर), शिरो (चण्याच्या पिठाचा प्रकार, त्याबद्दल पुढे) आणि बिटाची किंवा टोमॅटोची कोशिंबीर येते. नशीब असेल तर आझिफा मिळते. उकडून गार केलेले हिरवे मसूर, मोहरी आणि लिंबू घालून. आपल्या मोहरी फेसलेल्या कोशिंबिरीची आठवण येते, नाकात तशीच जाते.

फसण्याच्या जागा दोन. ‘बोझेना शिरो’मध्ये मांस असतं आणि ‘गोमेन बे सिगा’मध्येही, ‘सिगा’ म्हणजेच मांस. आणि दूध-तूपही न खाणाऱ्यांनी ‘हे व्हेजिटेरियन आहे का?’ असं विचारू नये, कारण लोण्यात केलेल्या भाजीलाही ‘हो’ असंच उत्तर मिळेल. ‘हे फास्टिंग आहे का?’ असं विचारा. या प्रश्नाचा अर्थ तिथल्या स्वयंपाकघरात सगळ्यांना नेमका कळतो.

म्हणजे आपल्या एकादशीला तिथे जाता येईल?

नाही. त्यांच्या उपासाला मसूर, चणे, कोबी, कांदा-लसूण सगळं चालतं आणि दूध चालत नाही. आपल्याकडे दूध-तूप चालतं आणि मसूर चालत नाही. दोन्ही उपास एकदम सांभाळायचे तर उकडलेला बटाटा आणि शेंगदाणे उरतात. मी आषाढी एकादशीला तिथे मैत्रिणींबरोबर बसून फक्त काळी कॉफी प्यायले आहे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांनी तर दिवाळीनंतरचाच बेत करावा.

इंजेरा म्हणजे डोसाच ना?

डोसा समजून गेलात तर पहिल्या घासालाच हिरमोड होईल. कुरकुरीतपणा नावालाही नाही. जवळची तुलना करायचीच तर एकाच बाजूने भाजलेली, मऊ, मोठ्ठी आंबोळी.

तो टेफ नावाच्या धान्याचा करतात. दाणा खसखशीएवढा, एका ग्रॅममध्ये साधारण ३,००० दाणे बसतात. पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवायचं, त्यात आदल्या खेपेचं आंबवलेलं पिवळसर पाणी विरजणासारखं घालायचं. मग ‘मिताद’ नावाच्या मोठ्या सपाट तव्यावर बाहेरच्या कडेपासून आत अशी गोल गोल धार सोडायची, वर झाकण ठेवायचं आणि उलटायचं नाही. वर जाळी पडते. या भोकांना अम्हारिकमध्ये ‘डोळे’ म्हणतात. डोळे नीट उघडले नाहीत तर इंजेरा बिघडला. जाळी पडली नाही म्हणून घावन बाजूला सारणारी आजी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

चव आंबट, चांगल्या तीन दिवसांच्या ताकासारखी. आणि तो गारच वाढतात. सासूबाईंचं पहिलं वाक्य होतं, ‘शिळी आहे का गं ही?’ तव्यावरून पानात पडलेल्या पोळीची सवय असलेल्या माणसाला तसं वाटणारच. पण गरम इंजेरा चिकट असतो, हाताला धड फाटत नाही. रस्सा धरून ठेवायला तो निवलेलाच लागतो.

गव्हाची ॲलर्जी असेल तर?

टेफमध्ये ग्लुटेन नसतं. मात्र अमेरिकेतल्या बऱ्याच रेस्टॉरंटांत टेफ महाग पडतो म्हणून त्यात सातू किंवा गहू मिसळतात. शंभर टक्के टेफचा इंजेरा हवा असेल तर आदल्या दिवशी फोन करा. बहुतेक ठिकाणी थोडे जास्त पैसे घेऊन देतात. रंगावरून ओळखायला जाऊ नका, पांढरा टेफही असतो.

एकाच ताटात सगळ्यांनी जेवायचं? उष्टं नाही का होत?

हा खरा प्रश्न. बाकीचे बरेचसे याच्याच आडून येतात.

तर होतं असं. मोठं गोल ताट येतं. तळाशी इंजेरा अंथरलेला, त्यावर भाज्यांचे आणि रश्श्यांचे रंगीत ढीग, बाजूला इंजेराच्या गुंडाळ्या. ताट कधी साध्या टेबलावर ठेवतात, कधी ‘मेसोब’वर. मेसोब म्हणजे रंगीत गवताने विणलेलं, डमरूच्या आकाराचं, टोपलीसारखं टेबल. त्याच्याभोवती सगळे बसतात आणि सगळे त्याच ताटातून जेवतात. आपण पंगतीत मांडीला मांडी लावून बसतो, पण पान ज्याचं त्याचं. इथे पानच एक.

आता नियम बघा. जेवायच्या आधी हात धुवायचे. उजव्या हाताने गुंडाळीतला तळव्याएवढा तुकडा फाडायचा, त्यात भाजी चिमटीने धरायची आणि अख्खा घास तोंडात टाकायचा. अर्धा चावून उरलेला तुकडा परत ताटात बुडवायचा नाही. बोटं भाजीत जाता कामा नयेत, चाटायची तर अजिबात नाहीत. आणि आपल्या समोरचंच खायचं. पलीकडे हात लांबवून दुसऱ्याच्या पुढ्यातलं उचलणं असभ्य समजतात. म्हणजे नीट जेवलं तर ताटाला कुणाचं तोंड लागत नाही. बोटांनासुद्धा लागतो तो इंजेराच.

हा सगळा युक्तिवाद मी सासूबाईंपुढे केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, ‘आणि सगळे इतके शिस्तीत जेवतात?’ समोर माझा धाकटा मुलगा बसला होता. मी गप्प बसले.

पहिल्या खेपेला त्यांनी वेगळं ताट मागितलं. मिळतं, कुणी नाक मुरडत नाही. पण त्या दिवशी शेवटी काय झालं, की आमच्या मोठ्या ताटाच्या तळाचा इंजेरा तासभर सगळे रस्से पिऊन बसला होता. मसुराचं तिखट, हळदीची डाळ, कोशिंबिरीतलं लिंबू, सगळं एकात मुरलेलं. मुलं त्याच्यावर तुटून पडली. सासूबाईंच्या ताटात दोन चमचे भाजी आणि कोरडी गुंडाळी. पुढच्या खेपेला त्या काही न बोलता मोठ्या ताटापाशी बसल्या, आपल्या समोर बोटाने हवेतल्या हवेत एक रेघ आखली आणि नातवाला म्हणाल्या, ‘ही माझी बाजू.’ तेव्हापासून तसंच चाललंय. त्यांच्या बाजूचा तळही त्याच खातात.

सर्दी-खोकला असेल तर मात्र सरळ वेगळं ताट मागा.

शेजारच्या टेबलावर एकमेकांना भरवत होते. ते काय?

गुर्शा. स्वतःच्या हाताने घास करून दुसऱ्याच्या तोंडात द्यायचा. यजमान पाहुण्याला देतो, आजी नातवंडांना, नवरा बायकोला आणि रुसवा काढायचा असेल तर भावाला भाऊही. घास जितका मोठा तितकं प्रेम जास्त, त्यामुळे तोंड नीट उघडा. ‘नको’ म्हणणं बरं दिसत नाही. आपल्याकडे लग्नात घास भरवतात तसंच, फक्त इथे नाव घ्यावं लागत नाही.

वेटर काही तुम्हाला भरवायला येणार नाही, तेव्हा काळजी नसावी. पण एखाद्या इथिओपियन कुटुंबाबरोबर जेवायला बसलात तर गुर्शा येणार हे धरूनच चाला. आणि कुणी जेवत असताना तुम्ही टेबलाजवळून गेलात तर ‘एनेब्ला!’ असं ऐकू येईल. शब्दशः अर्थ ‘चला, जेवू या’. आपल्या ‘या जेवायला’सारखंच, बोलावणं खरं आहे की रीत म्हणून आहे हे चेहऱ्यावरून ओळखायचं.

चमचा मिळतो का?

मागितला तर मिळतो. मागू नका.

चार माणसांसाठी किती मागवायचं?

प्रत्येकाने आपापला पदार्थ सांगायचा ही सवय इथे मोडा. चौघांना दोन व्हेजी कॉम्बो आणि खाणारे असतील तर वर मांसाचा एक पदार्थ, एवढं रग्गड होतं. इंजेरा पोटात फुगतो आणि पोट भरल्याचं वीस मिनिटं उशिरा कळतं. इंजेरा संपला तर आणखी मागता येतो. काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे लावतात, म्हणून आधी विचारा. भात नसतो. आमच्या एका पाहुण्यांनी शेवटी ‘थोडा दहीभात?’ असं विचारलं होतं, तेव्हा त्या मुलीने इतक्या आपुलकीने समजून घेतलं की आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं.

तिखट किती असतं?

मेनूवरचे दोन शब्द लक्षात ठेवा. ‘वॉट’ म्हणजे बहुतेक वेळा लाल आणि तिखट, ‘अलिचा’ म्हणजे हळदीचं सौम्य.

लाल रंग येतो बेरबेऱ्यातून. हा त्यांचा मसाला, आपल्या कांदा-लसूण मसाल्याचा लांबचा भाऊ म्हणा. लाल मिरची, आलं, लसूण, मेथी, ओवा, कलोंजी आणि ‘कोरेरिमा’ नावाची तिथली मोठी वेलची. घरोघरी प्रमाण वेगळं आणि प्रत्येकीला आपलाच खरा वाटतो. चव मात्र निव्वळ मसाल्याची नसते. वॉटसाठी ढीगभर कांदा बारीक चिरून तेल न घालता, कोरडाच, मंद आचेवर परततात. त्याचा लगदा होईपर्यंत तेल किंवा लोणी घालत नाहीत. त्या कांद्यामुळे रस्सा दाट होतो आणि तिखटाच्या मागून गोडवा येतो. घाईच्या स्वयंपाकघरात पहिली काटछाट इथेच होते, आणि ती जिभेला लगेच कळते. नवीन रेस्टॉरंट पारखायचं असेल तर मी आधी मिसिर वॉट खाऊन बघते.

एक सावधगिरीची सूचना. छोट्या वाटीत नारिंगी-लाल भुकटी आली तर ती मिटमिटा. ती बेरबेऱ्याहून पुष्कळ जहाल असते. माझ्या कोल्हापूरच्या काकांनी ‘बघू तरी’ म्हणून चिमूटभर जिभेवर टाकली. काका त्यानंतर थोडा वेळ बोलले नाहीत, जे घरात यापूर्वी कधी झालेलं नव्हतं.

चवी इतक्या ओळखीच्या का वाटतात?

काही ठिकाणी साम्य योगायोगाचं आहे, काही ठिकाणी खरोखर नातं आहे.

शिरो घ्या. चण्याचं (कधी वाटाण्याचंही) भाजलेलं पीठ, त्यात मसाले आधीच दळून ठेवलेले, म्हणजे मेतकुटाची कल्पना. ते कांदा-लसणाच्या फोडणीत शिजवलं की झालं पिठलं. मातीच्या भांड्यात रटरटत आणतात तो प्रकार ‘तेगाबिनो’. माझे बाबा त्याला अजूनही ‘तुमचं ते आफ्रिकन पिठलं’ म्हणतात आणि तेच मागवतात.

नाचणीचं तर माहेरच पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलं. इथिओपिया-युगांडाकडे ती माणसाने प्रथम लावली आणि काही हजार वर्षांपूर्वी भारतात आली. कोकणातली भाकरी तिथून निघालेली आहे. आणि कारळे! कारळ्याचं शास्त्रीय नावच ‘ग्विझोशिया ॲबिसिनिका’, म्हणजे ॲबिसिनियातलं. ॲबिसिनिया हे इथिओपियाचं जुनं नाव. तिकडे त्याला ‘नूग’ म्हणतात आणि उपासाच्या स्वयंपाकाला त्याचं तेल वापरतात. आपण त्याची चटणी करतो. अमेरिकेत ते पोत्यांनी मिळतं, पक्ष्यांना घालायचं खाद्य म्हणून. मी एकदा तेच आणून चटणी करावी का, असा विचार करत दुकानात बराच वेळ उभी होते. (केली नाही.)

म्हणून ‘हे भारतीयच आहे की’ असं म्हणून मोकळं होऊ नका. ओवा आणि मेथी ओळखीची लागते, पण फोडणी तडतडत नाही, खोबरं नाही, चिंच नाही, कोथिंबीर पेरलेली नाही. आंबटपणाचं सगळं काम इंजेरा करतो. भाजी नुसती चाखून ‘काहीतरी कमी आहे’ असं वाटलं तर इंजेरासकट खा.

मांसाहारात काय घ्यावं? बीफ असतं का?

असतं, आणि पुष्कळ पदार्थांत असतं. चालत नसेल तर आधीच स्पष्ट सांगा. ‘टिब्स’ म्हणजे कांदा-मिरचीवर परतलेले मांसाचे तुकडे. ते बीफचेही असतात आणि कोकराचेही, तेव्हा ‘येबेग टिब्स’ म्हणून कोकराचे मागा. डुकराचं मांस परंपरेनेच वर्ज्य आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने डोरो वॉट घ्यावा. कोंबडीचा गडद, काळसर लाल रस्सा, त्यात अख्खं उकडलेलं अंडं. सणासुदीचा पदार्थ आहे. ईस्टरला लांबलचक उपास सुटतो तो यावरच. रीतीने करायचा तर कोंबडीचे बारा तुकडे पाडतात आणि कांदा तासन्‌तास परततात. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला तो पहिल्याच भेटीत आवडतो.

‘कित्फो’ म्हणजे बारीक केलेलं बीफ, मसाल्याच्या लोण्यात आणि मिटमिट्यात कालवलेलं, कच्चं. हो, कच्चं. ‘लेबलेब’ सांगितलं तर किंचित शेकून देतात, पूर्ण शिजवूनही मिळतं. बरोबर आयिब येतं, म्हणजे ताजं, भुसभुशीत, बिनमिठाचं वाटावं असं चीज. वर ज्याला मसाल्याचं लोणी म्हटलं ते ‘नितेर किब्बे’, लोणी कढवताना त्यात कोरेरिमा, हळद, मेथी वगैरे घालून गाळलेलं. कढत्या तुपाचा वास ओळखीचा, मागून येणारा अनोळखी.

लहान मुलं काय खातील?

किक अलिचा म्हणजे घट्ट वरण आणि अतकिल्त म्हणजे कोबी-बटाट्याची भाजी, तेव्हा अडचण नाही. मसुराचं सारण भरलेले सांबुसे असतातच, नावावरूनच ओळखाल. शिवाय हाताने, एका ताटात, फाडून खायचं, हे मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर जमतं.

प्यायला?

‘तेज’ ही मधाची दारू. गेशो नावाच्या झुडपाच्या पानांनी आणि काटक्यांनी तिला थोडा कडवटपणा येतो. लांब मानेच्या, गोल बुडाच्या काचेच्या भांड्यात देतात, रसायनशाळेतल्या चंबूसारख्या. गोड लागते म्हणून सरबतासारखी पिऊ नका. न पिणाऱ्यांसाठी काही ठिकाणी ‘स्प्रिस’ मिळतं. आव्होकाडो, आंबा, पपई यांचे दाट थर एकाच ग्लासात. ते जेवणाआधी घेतलंत तर जेवण विसरा.

ती कॉफीची पूजा असते म्हणतात, ती बघायला मिळेल?

पूजा नव्हे, पण बैठक जमवतात तशीच. अरेबिका कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडच्या जंगलांतलं, आणि तिथे घरी कॉफी देणं म्हणजे तास-दीड तासाचं काम. हिरव्या बिया समोरच भाजतात. भाजल्या की तवा पाहुण्यांपुढून फिरवतात. धूर हाताने आपल्याकडे ओढून घ्यायचा आणि ‘वा’ म्हणायचं. मग दळून ‘जेबेना’ नावाच्या काळ्या मातीच्या, लांब मानेच्या सुरईत उकळतात. बाजूला ऊद जळत असतो. बरोबर खायला लाह्या, म्हणजे चक्क पॉपकॉर्न. बिनकानाच्या छोट्या कपांत तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना आणि बेरेका. त्याच पावडरीत पाणी घालत जातात, त्यामुळे पहिली कडक आणि तिसरी फिकी. ‘बेरेका’ म्हणजे आशीर्वाद, आपल्या ‘बरकत’ शब्दाचंच कूळ. पहिल्या कपावर उठून जाणं तेवढं बरं दिसत नाही.

रेस्टॉरंटात हे हवं असेल तर जेवण मागवतानाच सांगा. सगळीकडे करत नाहीत, आणि ऐन शनिवारी संध्याकाळी तर आग्रहही करू नका. दूध मागितलं तर देतील. बाबांनी मागितलं होतं. आम्ही त्या दिवशी छताकडे बघत बसलो.

वॉशिंग्टनच्या आसपास इतके इथिओपियन कसे?

१९७४ मध्ये तिथे क्रांती झाली, सम्राट हेले सेलासींना पदच्युत केलं आणि ‘देर्ग’ ही लष्करी राजवट आली. शिकायला आलेले परत जाऊ शकले नाहीत, मागून निर्वासित आले, १९८० च्या निर्वासित कायद्याने वाट सोपी केली. राजधानीत वकिलाती होत्या, हॉवर्ड विद्यापीठ होतं, आधी आलेले ओळखीचे होते. शहरातलं ‘ममा देस्ता’ हे रेस्टॉरंट १९७८ मध्ये उघडलं. नंतरच्या दशकात ॲडम्स मॉर्गन भागात एकाला लागून एक उघडली, मग वस्ती यू स्ट्रीट आणि नाइन्थ स्ट्रीटकडे सरकली. तिथली भाडी वाढली तशी सिल्व्हर स्प्रिंगला आणि नदीपलीकडे अलेक्झांड्रियाला. आमच्या कोपऱ्यावरचं रेस्टॉरंट त्या शेवटच्या लाटेतलं.

त्यांचा आपल्याशी काही संबंध?

मलिक अंबर. जन्म इथिओपियातला, साधारण १५४८ चा. गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता माणूस झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवलं, तेच पुढे औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथली नहर त्याची. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जंजिऱ्याच्या सिद्दींचं मूळही पूर्व आफ्रिकेतलंच.

आपल्या इतिहासातला ‘हबशी’ हा शब्द अरबी ‘हबश’वरून आला, आणि तिथले बरेच लोक आजही स्वतःला ‘हबेशा’ म्हणवतात. म्हणून कुणाला कौतुकाने ‘हबशी’ म्हणायला जाऊ नका. आपल्या तोंडी त्या शब्दाला काय वास लागलाय ते आपल्याला ठाऊक आहे. शिवाय ओरोमो आणि इतर अनेकांना ‘हबेशा’ ही ओळखही आपली वाटत नाही.

दुसरा धागा ताजा आहे. सम्राटांच्या काळात भारतातून बरेच शिक्षक इथिओपियातल्या शाळांवर गेले होते. त्यामुळे इथे साठी उलटलेला टॅक्सीवाला ‘भारतातून का?’ असं विचारून थेट आपल्या गणिताच्या मास्तरांवर येतो. मास्तर बहुधा केरळचे असतात आणि आठवण बहुधा छडीची.

त्यांच्याशी काय बोलावं?

आभार मानायला ‘अमेसेग्नालहु’. लांबलचक आहे, पण अर्धवट म्हटलात तरी चेहरा खुलतो. ऑर्डर सांगताना ती मुलगी दर वाक्याला ‘इशी, इशी’ म्हणेल. लाजत नाहीये, ‘इशी’ म्हणजे ‘बरं’. राजकारण काढू नका, घरोघरी जखमा ओल्या आहेत. रेस्टॉरंट एरिट्रियन असेल तर त्याला इथिओपियन म्हणू नका. ताट सारखं दिसतं, पण मध्ये युद्धं झालेली आहेत. सप्टेंबरची ११ तारीख (कधी १२) त्यांचा नववर्षदिन, बहुधा आपल्या गणपतीच्या मागेपुढे. त्यांचं साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं, तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर बघून ‘जुनं आहे वाटतं’ असं म्हणू नका. बाबा म्हणाले होते.

उरलेलं बांधून देतात का?

देतात. भाज्या आणि इंजेरा वेगळे बांधायला सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजेराचे तुकडे करा, कढईत तेलावर कांदा परता, चमचाभर बेरबेरे आणि थोडं पाणी घाला, तुकडे टाकून हलवा. त्याला ते ‘फिरफिर’ म्हणतात आणि नाश्त्याला खातात. सासूबाई त्यात मोहरी, हिंग आणि साखरेची चिमूट घालतात आणि फोडणीची पोळीच म्हणतात.